पाऊस तेवढाच, दिवस थोडे

धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम या तालुक्यांची गणना पर्जन्यछायेच्या प्रदेशात होते. सह्याद्री ओलांडून येणाऱ्या ढगांतील बरेचसे पाणी घाटमाथ्यावरच पडून जाते आणि पूर्वेकडील या भागाच्या वाट्यास उरलेसुरले येते, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. त्याच परांडा तालुक्यात २०२५ च्या सप्टेंबर महिन्यातील चौथ्या आठवड्यात पुराने वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरच्या साहाय्याने सोडवावे लागले. काढणीस आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले, दावणीची जनावरे दगावली आणि सीनाकाठची काळी माती कित्येक ठिकाणी मुरमापर्यंत खरडून गेली. त्याच्या नऊ वर्षे आधी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूर शहरासाठी पिण्याचे पाणी घेऊन जाणारी आगगाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या मार्गाने याच जिल्ह्यातून पुढे गेली होती. गाडीतील पाणी लातूरचे होते; परंतु लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या गावांतही त्या वेळी विहिरींनी तळ गाठला होता आणि पशुधन चारा छावण्यांच्या आश्रयास होते.

दुष्काळ आणि महापूर ही परस्परविरुद्ध संकटे होत, असा सर्वसाधारण समज आहे. ज्या गावात एक येते तेथे दुसरे येण्याचा संभव कमी, असेही गृहीत धरले जाते. हवामानशास्त्रज्ञांचा निष्कर्ष याहून वेगळा आहे. तापलेल्या हवेत ही दोन्ही संकटे एकाच मुळाला फुटतात, आणि पुढील काळात ती एकाच शिवारात, पुष्कळदा एकाच हंगामात, येण्याची शक्यता वाढत जाणार आहे.

याचे कारण समजण्यास मोटेचे उदाहरण पुरेसे आहे. लहान मोट लवकर भरते, लवकर रिती होते आणि पाटाचे पाणी फारसे खंडत नाही. मोट मोठी केली तर ती भरण्यास वेळ लागतो, आणि ती उलटली म्हणजे थारोळ्याच्या काठांवरून पाणी बाहेर पसरते. हवा एक अंश सेल्सिअसने तापली म्हणजे ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वीडनमधील शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये या वायूची नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे आजवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत त्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे दीड अंशाने अधिक होते. आकाशातील मोट अशी मोठी होत चालली आहे.

अंदाज कोणत्या कामासाठी

गावात अंदाजाविषयी बोलू लागताच पहिला आक्षेप येतो तो असा, की परवाचा पाऊस ज्यांना सांगता आला नाही, ते तीस वर्षांनंतरचे काय सांगणार? आक्षेप रास्त आहे आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये. त्याचे उत्तर असे, की अंदाज एकाच जातीचे नसतात. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पाच दिवसांच्या अंदाजावर आधारलेला कृषी सल्ला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठामार्फत दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. तो फवारणी, कोळपणी व काढणी यांसाठी आहे. एप्रिल महिन्यात व मेअखेरीस जाहीर होणारा अंदाज संपूर्ण हंगामाविषयी आणि मोठ्या प्रदेशाविषयी असतो. त्यावरून कळंब तालुक्यातील एखाद्या गावात जुलैत खंड पडेल की नाही, हे समजत नाही, आणि तसा दावाही तो करीत नाही. तिसरा प्रकार दीर्घ काळाच्या अंदाजाचा. तो अमुक वर्षी अमुक होईल असे सांगत नाही. हवेतील वायू अमुक प्रमाणात वाढत राहिले तर पावसाची व उष्णतेची रीत कोणत्या दिशेने बदलेल, एवढेच तो सांगतो.

या तिसऱ्या अंदाजास यंदाच्या पेरणीविषयी प्रश्न विचारणे व्यर्थ होय. परंतु पाझर तलावाचा सांडवा किती रुंद असावा, गोठा कोणत्या उंचीवर बांधावा, नवी विंधन विहीर घेण्यात अर्थ आहे काय, द्राक्षबाग लावावी काय, या निर्णयांचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते. तेवढ्याच लांबीचा अंदाज त्यांना लागतो. नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की गाढव, यावर पारावर रंगणारी चर्चा मनोरंजक खरी. पण तिच्या भरवशावर कोणी सांडवा बांधीत नाही, आणि बियाण्याची पिशवीही फोडू नये.

भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये देशाच्या हवामानबदलाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. त्याच्या सिद्धतेत पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा मोठा वाटा होता. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे त्यात नमूद आहे. १९५१ ते १९८० या तीस वर्षांच्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातील कोरडे खंड २७ टक्क्यांनी अधिक वेळा पडले. याउलट मध्य भारतात एका दिवसात दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. पुढील काळाविषयीचे भाकीत असे, की वायूंचे उत्सर्जन न रोखल्यास शतकाच्या अखेरीस देशाचे सरासरी तापमान १९७६ ते २००५ या काळाच्या मानाने सुमारे ४.४ अंशांनी वाढेल आणि उन्हाळ्यातील उष्णतेच्या लाटा तिप्पट ते चौपट होतील. मोसमी पावसाचे एकूण प्रमाण घटेल असे मात्र नाही. ते काहीसे वाढण्याचाच संभव वर्तविला आहे. हे आकडे देशाचे अथवा मोठ्या पट्ट्याचे आहेत. ते एका जिल्ह्यास तंतोतंत लावू नयेत. त्यांतून दिशा तेवढी घ्यावी.

धाराशिवच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ असा, की पर्जन्यमापकातील वार्षिक बेरीज कदाचित फारशी बदलणार नाही, पण ती बेरीज थोड्या दिवसांत पुरी होईल. सातशे मिलिमीटर पाऊस पन्नास दिवसांत पडला तर तो शेतीचा पाऊस. तोच पंचवीस दिवसांत पडला, आणि त्यातील अर्धा चार रात्रींत, तर वर्षाअखेरीस कागदावर ‘सरासरीइतका पाऊस’ अशी नोंद होते आणि फेब्रुवारीत टँकर लागतो. सरासरीच्या या आकड्याने जितकी फसगत केली आहे, तितकी दुष्काळानेही केली नसेल.

सोयाबीनची दोन टोके

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जिल्ह्याच्या खरिपाचे रूप पालटले. जेथे ज्वारी, बाजरी, भुईमूग, उडीद, मूग आणि तूर यांची सरमिसळ होती, तेथे आज सोयाबीन हे प्रमुख पीक आहे. पैसा देणारे, कमी दिवसांचे आणि यंत्राने पेरता येणारे हे पीक शेतकऱ्यांनी उगीच स्वीकारले नाही. परंतु नव्या हवामानाचा घाव नेमका त्याच्या दोन नाजूक अवस्थांवर पडतो. फुले व शेंगा धरण्याचा काळ ऑगस्टमध्ये येतो आणि पावसाचा मोठा खंडही पुष्कळदा त्याच महिन्यात पडतो. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. काढणी सप्टेंबरअखेरीस सुरू होते, तोच परतीचा पाऊस गाठतो. हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या व परतीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरविल्या, तेव्हा वायव्य भारतातून पाऊस माघारी फिरण्याची तारीख १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर धरण्यात आली. पाऊस उशिरा परततो आणि सोयाबीन मात्र वेळेवर पिकते. सारी अडचण येथे आहे.

हंगामाच्या आरंभीही सावधगिरी हवी. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. त्यानंतर राज्यातील त्याची वाटचाल बरेच दिवस खोळंबली. अशा वर्षी पहिल्या सरीवर तिफण धरणाऱ्यास दुबार पेरणीचा धोका असतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत वीतभर ओल गेल्यावाचून पेरणी करू नये, हा जुना सल्ला आज अधिकच खरा आहे. सोयाबीनची पेरणी १५ जुलैपर्यंत करता येते, म्हणून आठ दिवस थांबल्याने हंगाम हातचा जात नाही.

खंड आणि अतिवृष्टी या दोहोंवर एकच उपाय चालेल, अशी साधने थोडी आहेत. रुंद वरंबा-सरी पद्धत हे त्यांतील एक होय. वरंब्यावर पीक, दोहो बाजूंस सऱ्या. हलका पाऊस सरीत मुरतो, जोराचा पाऊस सरीवाटे शेताबाहेर निघतो. ज्यांना यंत्र मिळत नाही त्यांनी पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी, कोळपणी झाल्यावर, दर चार ओळींनंतर बळीराम नांगराने मृत सरी काढावी. मात्र वरंबे उताराला आडवे असावेत. उताराच्या दिशेने काढलेली सरी म्हणजे माती वाहून नेण्यास स्वहस्ते खणलेला पाट होय.

वाणांच्या बाबतीत परभणी विद्यापीठाचे एमएयूएस १५८ व एमएयूएस ६१२ हे शंभर दिवसांच्या आत येणारे वाण परिचित आहेत. तथापि एकाच वाणाने, एकाच दिवशी, सारे क्षेत्र पेरणे हा जुगार ठरतो. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घेतल्यास बीडीएन ७११ सारखी दीडशे-एकशेपंचावन्न दिवसांची तूर खोल मुळांच्या बळावर ऑगस्टचा खंड सोसते, आणि सप्टेंबरच्या पावसात सोयाबीनचे नुकसान झाले तरी शेत अगदी रिकामे होत नाही. अर्थात पाणी साचून राहणाऱ्या चोपण जागी तूरही उबळून जाते. तेथे निचऱ्याची व्यवस्था आधी करावी.

काढणीच्या वेळी भिजलेल्या सोयाबीनचा आणखी एक परिणाम पुढील जूनपर्यंत लपून राहतो. शेंगेत ओल धरलेले दाणे बाजारात कमी भावाने का होईना विकले जातात. पण घरचे बियाणे म्हणून तेच राखले तर पेरणीत उगवण होत नाही आणि दोष मात्र पावसास लागतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे आणि सहासात दिवसांनी मोजावे. सत्तर उगवले तर बियाणे पेरण्याजोगे आहे. एप्रिल-मे महिन्यांत प्रत्येक वस्तीवर ही चाचणी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वतः करून दाखवावी. एवढ्या स्वस्त उपायाने दुबार पेरणीचे कित्येक प्रसंग टळतात.

कीड-रोगांचेही वेळापत्रक बदलत आहे. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. सतत ओलसर हवा त्यांस मानवते. कोरड्या खंडात पांढरी माशी वाढते आणि तिच्याबरोबर पिवळा मोझॅक पसरतो. रब्बीत थंडी आखूड झाल्याने गव्हाचा दाणा बारीक पडतो. २०२२ चा मार्च हा देशात तोवरच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च होता. ज्वारी, हरभरा व करडई यांचे पारडे त्यामानाने जड आहे. करडई काट्यांमुळे मजुरांस नकोशी झाली हे खरे असले, तरी जमिनीतल्या खोल ओलीवर येणारे दुसरे तेलबियांचे पीक रब्बीत सहज सापडणार नाही.

जमिनीच्या पोटातले पाणी

पाणी साठविण्याची चर्चा धरण आणि शेततळे यांपाशी सुरू होते. तिचा आरंभ वास्तविक मातीपासून व्हावयास हवा. एक मीटर खोल काळी जमीन पिकाच्या मुळांस घेता येईल असे सुमारे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर, या हिशेबाने एकरी सहा ते आठ लाख लिटर पाणी मातीतच राहू शकते. त्यावर ना प्लास्टिकचे अस्तर लागते, ना विजेचे बिल येते. बालाघाटच्या डोंगरउतारावर वीत-दीड वीत मातीचा थर असतो, तेथे हाच साठा पाऊणपट घटतो. म्हणून अतिवृष्टीत वाहून गेलेली माती ही केवळ सुपीकतेची हानी नव्हे. पुढच्या ऑगस्टचा खंड सोसण्याची शक्तीच तिच्याबरोबर गेलेली असते. पूर आणि दुष्काळ एकमेकांचा हात धरून येतात ते असे.

बांधबंदिस्ती, समतल पेरणी, बांधावर गवत व झुडपे, काडीकचरा न जाळता जमिनीत कुजविणे, या गोष्टी नव्या नाहीत. नवे एवढेच, की पूर्वीच्या पावसाच्या मापाने बांधलेली कामे आता अपुरी पडू शकतात. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीवर झालेले कित्येक पाझर तलाव आज गाळाने भरले आहेत; त्यांचे सांडवे झुडपांनी बुजले आहेत. अशा तलावाचा भराव एका रात्रीच्या पावसात फुटला तर खालची शेते दगडगोट्यांनी भरून जातात. मृगापूर्वी गावातील प्रत्येक तलावाचा व बंधाऱ्याचा सांडवा पाहून घेणे हे काम टाळण्याजोगे नाही.

शेततळ्याचा हिशेबही नीट मांडावा. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात, बाजूंचा उतार वजा जाता, सुमारे वीस-बावीस लाख लिटर पाणी मावते. बाष्पीभवनात व पाझरण्यात निम्मे गेले असे धरले तरी उरलेल्या पाण्यात पाच एकर सोयाबीनला एक संरक्षित पाणी देता येते, आणि शेंगा भरताना दिलेले एक पाणी पीक वाचविते. मात्र हे तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलेले असावे. विंधन विहिरीतून पाणी उपसून ते अस्तराच्या तळ्यात उन्हाखाली ठेवणे हा व्यवहार विचित्र आहे: एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याचा दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास थर उडून जातो. जे पाणी जमिनीखाली सावलीत होते ते वर आणून वाळविणे, याला साठवण म्हणता येणार नाही. या जिल्ह्याखाली काळ्या पाषाणाचे थर आहेत. पाणी राहते ते मुरमात आणि खडकांच्या भेगांत. खोल भेगांतले पाणी एका पावसाळ्यात भरून निघत नाही, त्यातून पाऊस धो धो पडून वाहून गेला तर मुळीच नाही.

उसाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पाटाने पाणी दिल्यास या पिकास वर्षाकाठी दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. जिल्ह्यात पाऊस पडतो त्याच्या तिपटीएवढे. भाव खात्रीचा आणि पुराचा धक्का सोसणारे म्हणून शेतकरी उसाकडे वळतो, आणि त्याच्या दृष्टीने ते चुकीचे नाही. परंतु एका शेतकऱ्याचा तो सुरक्षित निर्णय सर्व गावाची जोखीम वाढवितो. ठिबकाने पाणी निम्म्यापर्यंत वाचते. वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर गावाला त्याचा काहीच लाभ होत नाही.

गोठा आणि कडबा

उस्मानाबादी शेळी हे या जिल्ह्याचे देशभर गाजलेले धन आहे. काटक, पुष्कळदा जुळी देणारी आणि झाडपाल्यावर जगणारी ही जात उष्णतेत टिकून राहते. परंतु ओल तिला सोसत नाही. सततच्या पावसात खुरांचे विकार व जंत बळावतात. म्हणून शेळ्यांचा वाडा उंचवट्यावर, मुरमाच्या जमिनीवर असावा आणि लसीकरण पावसाळ्यापूर्वी उरकावे. भूम व आसपासच्या भागात खव्याचा धंदा कित्येक कुटुंबांचे पोट चालवितो. म्हैस व संकरित गाय यांना उष्णतेचा ताण पडला म्हणजे दूध आटते आणि भट्टीही थंडावते. येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ज्वारी मागे पडली तेव्हा धान्याबरोबर कडबाही गेला. सोयाबीनच्या भुसकटाने कडब्याची उणीव भरून येत नाही. छावण्यांची वेळ आली त्यामागे पावसाचा अभाव होता, तसाच पीकबदलही होता. दुभती जनावरे असलेल्या घराने रब्बीत निदान वर्षाच्या वैरणीपुरती मालदांडी अथवा परभणी मोती पेरावी.

गावाची नोंदवही

महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्रावर पावसाची नोंद होते. पण मंडळाच्या एका टोकास ऐंशी मिलिमीटर पडावा आणि दुसऱ्या टोकास धुरळा उडावा, हे आता नित्याचे झाले आहे. यास्तव प्रत्येक गावात, शाळेच्या मोकळ्या आवारात, एक साधा पर्जन्यमापक असावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्यावी. मुले हे काम आवडीने करतात. नोंदवहीत केवळ बेरीज लिहून थांबू नये. अडीच मिलिमीटरहून अधिक पाऊस किती दिवस पडला, दोन पावसांत सर्वांत लांब खंड किती दिवसांचा झाला, आणि पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस किती वेळा झाला, या तीन गोष्टी दरवर्षी स्वतंत्र लिहाव्यात. शेजारच्या रकान्यात गावातील चार-पाच ठरावीक विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबरमध्ये व मार्चमध्ये मोजून भरावी.

ऑक्टोबरची पातळी हाती आली म्हणजे ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद ठेवावा. पिण्यासाठी व जनावरांसाठी लागणारे पाणी प्रथम बाजूला काढावे, उरलेल्यात किती ज्वारी-हरभरा भिजेल ते पाहावे, आणि नव्या उसाच्या लागवडीचा विषय त्यानंतर घ्यावा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात २०१८ पासून निवडलेल्या गावांत असे ताळेबंद मांडले गेले. इतर गावांना ते स्वतःच्या नोंदींवर मांडता येतात. वही जितकी जुनी होईल तितके तिचे मोल वाढते. तीन वर्षांच्या नोंदींतून फारसे काही सिद्ध होणार नाही, दहा वर्षांच्या नोंदींतून गावाच्या पावसाची बदललेली चाल दिसू लागेल.

रुंद वरंबा-सरी यंत्राची उपलब्धता, शेततळ्याची आखणी व बियाण्याची उगवण-चाचणी यांविषयीची माहिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आणि तुळजापूर येथील कृषी विज्ञान केंद्रात मिळते. यंत्र सामाईकपणे वापरावयाचे असल्यास गटाने आपली मागणी मे महिन्याच्या आरंभीच नोंदवावी. मृगाच्या तोंडावर एकाच यंत्रासाठी दहा गावांची रांग लागते.